सान दोमेनिको चौकातलं घर

व्हायोलिन पुरं झालं की कारागीर त्याच्या पोटात एक छोटी चिठ्ठी चिकटवतो. वाद्याच्या वरच्या फळीला दोन वळणदार भोकं असतात, त्यांतल्या डावीकडच्या भोकातून डोकावलं की ती दिसते. चिठ्ठीवर कारागिराचं नाव, गाव आणि साल एवढाच मजकूर असतो. इटलीतल्या क्रेमोना गावच्या अंतोनियो स्त्रादिवारीने म्हातारपणी त्या छापील मजकुराखाली स्वतःच्या हाताने एक भर घालायला सुरुवात केली : आपलं वय. १७३६ साली बनवलेलं एक व्हायोलिन आज 'मुंत्झ' या नावाने ओळखलं जातं. त्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, वय ९२.

याला म्हाताऱ्याची प्रौढी म्हणा, पण तिचे उपकार इतिहासकारांवर आहेत. स्त्रादिवारीच्या जन्माची नोंद कुठल्याही चर्चच्या वहीत सापडलेली नाही. त्याचं जन्मसाल १६४४ च्या सुमाराचं, हे आपण असल्या चिठ्ठ्यांवरून वजाबाकी करूनच काढतो. मृत्यूची तारीख मात्र पक्की आहे : १८ डिसेंबर १७३७. म्हणजे माणूस ९३ वर्षं जगला, आणि त्याच्या शेवटच्या सालची वाद्यंही जगात आहेत. त्याची पहिली ज्ञात चिठ्ठी १६६६ ची. एकाच गावात, एकाच धंद्यात तब्बल ७१ वर्षं.

या ७१ वर्षांत त्याने सुमारे ११०० वाद्यं बनवली असावीत, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांतली साडेसहाशेच्या आसपास टिकून आहेत. बहुतेक व्हायोलिनं, काही चेलो, मोजके व्हायोला, शिवाय गिटार, मँडोलिन आणि हार्पसुद्धा. २०११ मध्ये त्याचं 'लेडी ब्लंट' हे १७२१ चं व्हायोलिन १ कोटी ५९ लाख डॉलरला विकलं गेलं. ज्या जपानी प्रतिष्ठानाकडे ते होतं, त्याने ते पैसे भूकंप आणि त्सुनामीतल्या आपद्ग्रस्तांसाठी दिले. अशा किमती ऐकल्या की आपल्या डोळ्यांसमोर माळ्यावर एकट्याने बसून, कुणालाही न सांगता वार्निशात काहीतरी कालवणारा एक गूढ म्हातारा उभा राहतो. कागदपत्रं मात्र वेगळ्याच माणसाची ओळख करून देतात. दोन लग्नं, अकरा मुलं, खाली दुकान नि वर घर अशी वास्तू, पोरांच्या पोटापाण्याची काळजी आणि त्या पोरांवरची घट्ट पकड. स्त्रादिवारी समजून घ्यायचा तर वार्निशाच्या बरणीआधी त्याचं घर पाहायला हवं.

साथीने उघडलेलं दार

पो नदीच्या काठचं क्रेमोना स्त्रादिवारीच्या जन्माआधी शंभर वर्षं व्हायोलिनचं गाव झालेलं होतं. ते केलं आंद्रेआ आमाती या कारागिराने. आज आपण व्हायोलिनचा जो घाट ओळखतो, त्याला पक्कं रूप सोळाव्या शतकात त्याच्याच हातून मिळालं. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाच्या दरबारातही त्याची वाद्यं होती. आंद्रेआनंतर त्याची मुलं, त्यांच्यानंतर नातू निकोलो. विद्या घरातली, ती घरातच राहायची. बाहेरच्याला साचा दाखवायचा नाही, हा त्या काळच्या बहुतेक कारागिरांचा रिवाज होता, आणि आपल्याकडच्या घराण्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

१६३० मध्ये उत्तर इटलीत प्लेग आला. त्यात निकोलोचे वडील गेले. क्रेमोनात व्हायोलिन बनवू शकणारा निकोलो जवळजवळ एकटाच उरला, आणि त्याला तेव्हा मूलबाळ नव्हतं. मागणी तर वाढत होती. काही वर्षांनी निकोलोने घराण्याचा नियम मोडला आणि परक्या पोरांना हाताखाली घेतलं. आंद्रेआ ग्वार्नेरी हा मुलगा त्याच्याच घरी राहून शिकला. त्याच्यापासून क्रेमोनातलं दुसरं मोठं घराणं सुरू झालं.

स्त्रादिवारी याच दारातून आत आला असावा. १६६६ च्या चिठ्ठीवर त्याने स्वतःला निकोलो आमातीचा शिष्य म्हटलं आहे. पण निकोलोच्या घरात राहणाऱ्यांच्या ज्या नोंदी चर्चकडे आहेत, त्यांत त्याचं नाव नाही. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की तो आधी लाकडावरच्या कोरीवकामात तयार झाला. त्याचं पहिलं भाड्याचं घर फ्रांचेस्को पेस्कारोली नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याच्या मालकीचं होतं, हा त्यांचा एक पुरावा. दुसरा पुरावा हाताचा. स्त्रादिवारीच्या सुरुवातीच्या काही वाद्यांवर वेलबुट्टीचं जडावकाम इतकं सफाईदार आहे की हा हात आधी कुठेतरी मुरला असणार हे दिसतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायला काही हरकत नाही.

दोन संसार

४ जुलै १६६७ रोजी त्याने फ्रांचेस्का फेराबोस्की हिच्याशी लग्न केलं. ती तरुण विधवा होती, आणि तिच्या वैधव्याची कहाणी सरळ नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिच्याच भावाने तिच्या नवऱ्याचा जीव घेतला होता. गावभर चर्चा झालेल्या घरातली बाई करून, तेविशीच्या आसपासच्या या कारागिराने भाड्याच्या जागेत संसार मांडला. मुलगी जुलिया. मग फ्रांचेस्को, तो तान्हेपणीच गेला. पुढच्या मुलाचं नाव पुन्हा फ्रांचेस्कोच ठेवलं. मग कातेरिना, आलेस्सांद्रो आणि १६७९ मध्ये ओमोबोनो.

१६८० मध्ये त्याने ७००० लिरांना सान दोमेनिको चौकातलं तीन मजली घर विकत घेतलं. चर्चच्या समोर, गावाच्या मध्यावर. खाली रस्त्याला लागून दुकान आणि कामाची जागा, वर राहणं, आणि सगळ्यात वर उघडा सज्जा. क्रेमोनातल्या घरांवर असे सज्जे कपडे आणि फळं वाळवायला असत. इथे तारेला व्हायोलिनं टांगलेली असायची. तेलाचं वार्निश सुकायला ऊन आणि वारा लागतो, आणि क्रेमोनाचा हिवाळा दमट, धुक्याचा. त्यामुळे कामाचं वर्षही उन्हाच्या धोरणाने आखलेलं.

हे काम किती हवामानावर टांगलेलं होतं, ते त्याच्याच एका पत्रातून कळतं. स्त्रादिवारीच्या हातचा पत्रव्यवहार जवळजवळ काहीच उरलेला नाही. १२ ऑगस्ट १७०८ चं एक पत्र मात्र आहे. कुणा गिऱ्हाइकाचं व्हायोलिन दुरुस्तीला आलेलं, त्याला मोठ्या भेगा पडलेल्या. उशीर झाला म्हणून तो माफी मागतो. कारणही सांगतो : भेगांवरचं वार्निश नीट बसायला हवं होतं, नाहीतर उन्हात त्या पुन्हा उघडल्या असत्या. मग मजुरीचा आकडा, एक फिलिप्पो. आणि वर पुस्ती जोडतो की काम खरं तर याहून जास्तीचं आहे, पण आपली सेवा करण्यात आनंद म्हणून एवढ्यावर समाधान मानतो. त्या वेळी हा माणूस युरोपातला एक नावाजलेला वाद्यकार होता. राजेरजवाड्यांची कामं करून झालेली होती. तरी दुरुस्तीच्या बिलातला हा दुकानदारी गोडवा सुटलेला नव्हता.

१६९८ मध्ये फ्रांचेस्का गेली. तिच्या अंत्ययात्रेच्या खर्चाचा कागद टिकून आहे आणि कारागिराच्या बायकोसाठी तो थाट मोठाच होता. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट १६९९ ला, त्याने आंतोनिया झांबेल्लीशी दुसरं लग्न केलं. नवरा पंचावन्न, बायको पस्तीस. तिला पाच मुलं झाली. त्यांतला एक बाळपणीच गेला, धाकटा पाओलो १७०८ मध्ये जन्मला तेव्हा बाप ६४ वर्षांचा होता. थोरला फ्रांचेस्को त्या वेळी सदतीस. एका छपराखाली दोन संसारांची मुलं, त्यांतले दोघे पुढे पाद्री, आणि खालच्या मजल्यावर दिवसभर रंध्याचा नि कानशीचा आवाज.

एका व्हायोलिनला काय काय लागतं

व्हायोलिनमध्ये सुमारे सत्तर तुकडे असतात. स्त्रादिवारीची पद्धत आतल्या साच्याची. आधी अक्रोडाच्या फळीचा सपाट साचा घ्यायचा. त्याच्याभोवती मेपलच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्या तापल्या लोखंडावर वाकवून बसवायच्या. कोपऱ्यांत आधाराला विलोच्या लाकडाचे ठोकळे. अशी वाद्याची कड तयार झाली की वरची आणि खालची फळी. वरची स्प्रूसची, आल्प्सच्या थंड उतारावर सावकाश वाढलेल्या झाडाची. खालची मेपलची, वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेली. दोन्ही फळ्या जाड लाकडातून पटाशीने उकरून फुगीर घडवायच्या आणि आतून तासत तासत वरची फळी अडीच-तीन मिलिमीटरवर आणायची. इथे मापापेक्षा हात चालतो. फळी बोटांत धरून वाकवायची, टकटक करून ऐकायची, पुन्हा तासायची.

जोडायला सरस, जनावरांच्या कातड्यापासून काढलेला. हा जुना सरस जितका पक्का तितकाच समंजस. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, त्यामुळे तीनशे वर्षांनीही वाद्य न मोडता उघडता येतं आणि दुरुस्त करून पुन्हा बंद करता येतं. आजची स्त्रादिवारी वाद्यं वाजती राहिली आहेत त्याचं बरंचसं श्रेय या सरसाला आहे.

फळीच्या काठाला समांतर एक बारीक काळी रेघ फिरते. लांबून रंगाची वाटते. जवळून पाहिलं तर ती दोन काळ्या पट्ट्यांमध्ये एक पांढरी, अशी तीन पट्ट्यांची असते, आणि काठालगत खोदलेल्या चरीत ठोकून बसवलेली असते. काठावर आघात झाला तर तडा आत न जाता तिथेच थांबावा, हा तिचा उपयोग. पण कारागिराची परीक्षा कोपऱ्यावर होते. दोन बाजूंनी आलेल्या पट्ट्या तिथे तिरक्या कापून एकमेकींना भिडवाव्या लागतात. स्त्रादिवारी तिथलं काळं टोक जरासं पुढे, कोपऱ्याच्या आतल्या बाजूला कलतं काढतो. मधमाशीची नांगी म्हणतात त्याला. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची ही गंमत आवाजात काही भर घालत नाही. तज्ज्ञ मात्र तिच्यावरून हात ओळखतात. पुढे याच ठिकाणी त्यांना म्हाताऱ्याचा कापरा हातही दिसला.

छप्पन्नाव्या वर्षी बहर

स्त्रादिवारी लवकर नावारूपाला आला. १६८२ मध्ये व्हेनिसच्या एका सावकाराने इंग्लंडच्या राजघराण्याला भेट द्यायला त्याच्याकडून वाद्यांचा संच करून घेतला. १६९० मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यासाठी पाच वाद्यांचा संच झाला. त्यातला एक मोठा व्हायोला आज फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात जवळजवळ मूळ अवस्थेत आहे. बाकी बहुतेक वाद्यांच्या माना पुढच्या काळात बदलल्या गेल्या, कारण मोठ्या सभागृहांत मोठा आवाज हवा झाला, तारांचा ताण वाढला. म्हणजे आज आपण ऐकतो तो स्त्रादिवारीचा आवाज पुढच्या कारागिरांच्याही हातून गेलेला आहे.

१६९० च्या दशकात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने व्हायोलिन लांबवून पाहिलं. पोट नेहमीच्या साडेपस्तीस सेंटिमीटरहून किंचित लांब आणि अंगाने सडपातळ. आठ-दहा वर्षं हा प्रयोग चालला. मग त्याने तो सोडला, जुन्या मापाकडे परतला, पण फुगवटा आमातीपेक्षा चपटा ठेवला आणि घाट रुंद केला. १७०० पासून पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याचा सुवर्णकाळ मानली जातात. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातलं 'मसाया' १७१६ चं, यो-यो मा वाजवतो तो 'दाविदोव' चेलो १७१२ चा. १७१५ मध्ये पोलंडचा राजा आणि सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टसच्या दरबारासाठी बारा व्हायोलिनांची मागणी होती, आणि ती घेऊन जायला दरबारचा वादनप्रमुख स्वतः क्रेमोनात येऊन राहिला.

आता वयाचा हिशेब मांडून पाहा. १७०० मध्ये अंतोनियो ५६ वर्षांचा. त्या काळी एवढं वय म्हणजे आवराआवरीचं. याचा बहर तेव्हा सुरू होतो. अनुभव हे त्याचं एक कारण आहेच. पण त्याच साली फ्रांचेस्को २९ वर्षांचा आणि ओमोबोनो २१ वर्षांचा आहे. दोन तयार मुलगे कामाला बसलेले आहेत, आणि तिसरा, दुसऱ्या बायकोचा जोव्हान्नी बात्तिस्ता मार्तिनो, थोड्या वर्षांत येणार आहे. वर्षाला सरासरी पंधरा वाद्यं, प्रत्येकाचे सत्तर तुकडे, पेट्या आणि खुंट्या वेगळ्याच. हे एका जोडी हातांचं काम नव्हे. सुवर्णकाळ म्हणून ज्याची कीर्ती आहे, तो एका पूर्ण भरलेल्या घराचा काळ आहे. डोळा बापाचा होता, शेवटचा शब्द बापाचा होता आणि चिठ्ठी बापाचीच होती.

बापाच्या चिठ्ठीखाली

मुलांची कहाणी सुवर्णाक्षरांत कुणी लिहिली नाही. ओमोबोनोने एकदा सुटून पाहिलं. अठराव्या वर्षी तो नेपल्सला गेला, तिथे दोनेक वर्षं दुसरं काही करायचा प्रयत्न केला आणि परत आला. बापाने त्याला घरात घेतलं, कामावर बसवलं, पण हिशेब मिटवला नाही. १७२९ मध्ये, ८५ व्या वर्षी, स्त्रादिवारीने मृत्युपत्र केलं. हे मृत्युपत्र १९९० च्या दशकात अभ्यासकांच्या हाती लागलं. त्यात तीस वर्षांपूर्वीच्या त्या नेपल्सच्या खर्चाची आठवण आहे, आणि तो ओमोबोनोच्या वाट्यातून वजा करायची सूचनाही. कारखान्याचा मुख्य वारस थोरला फ्रांचेस्को. ओमोबोनो तेव्हा पन्नास वर्षांचा होता.

यावरून बाप कंजूष किंवा कठोर असा शिक्का मारणं सोपं आहे. पण त्याच बापाने चार वर्षांनी, १७३३ मध्ये, धाकट्या पाओलोला कापडाच्या व्यापारात भागीदारी घेऊन देण्यासाठी मोठी रक्कम मोजली. क्रेमोनात 'स्त्रादिवारीसारखा श्रीमंत' अशी म्हण पडली होती म्हणतात. लाकडातून उभा केलेला तो पैसा पाओलोला कापडाच्या धंद्यात घेऊन गेला, आणि कदाचित बापाचीही तीच इच्छा असावी. जोव्हान्नी बात्तिस्ता मार्तिनो १७२७ मध्येच, चोविसाव्या वर्षी वारला होता. कामावर उरले दोन थोरले. दोघांनीही लग्न केलं नाही. दोघेही बापाच्या घरात राहिले, बापाच्या बाकावर काम करत राहिले, आणि स्वतःच्या नावाने त्यांनी जवळजवळ काहीच केलं नाही. १७२५ नंतरच्या वाद्यांत काठाची रेघ कधी डळमळते, भोकं कधी वरखाली होतात. काही ठिकाणी म्हाताऱ्याचा थकलेला हात दिसतो, काही ठिकाणी दुसराच, जरा वेगळ्या वळणाचा हात. कुठला फ्रांचेस्कोचा आणि कुठला ओमोबोनोचा, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात.

एकोणिसाव्या शतकात फेतिस नावाच्या संगीत-इतिहासकाराने स्त्रादिवारीवर पुस्तक लिहिलं. त्यात ऐकीव वर्णन आहे : उंच, सडसडीत, काम करताना कायम पांढऱ्या चामड्याचा एप्रन, डोक्यावर हिवाळ्यात लोकरीची आणि उन्हाळ्यात सुती पांढरी टोपी. कायम कामात असल्यामुळे कायम तोच वेश. आठवण तिसऱ्या-चौथ्या तोंडातून आलेली आहे, तरी तिच्यात एक खरेपणा वाटतो, कारण वाद्यंही तेच सांगतात. हा माणूस बाकावरून उठलाच नाही.

मरणाची तयारीसुद्धा त्याने कारागिराच्या रीतीने केली. १७२९ मध्येच त्याने समोरच्या सान दोमेनिको चर्चमधली एक जुनी कबर विकत घेतली आणि तिच्यावरच्या शिळेवर आपलं नाव कोरून घेतलं. आंतोनिया ३ मार्च १७३७ ला गेली. तो त्याच वर्षी १८ डिसेंबरला. दुसऱ्या दिवशी त्याला त्या कबरीत ठेवलं.

रहस्य नावाचा उद्योग

त्यानंतर सुरू झाला तो शोध अजून चालू आहे. स्त्रादिवारीचं गुपित काय? त्याच्या एका वंशजाने सांगितलं होतं की घरच्या बायबलमध्ये वार्निशाची कृती १७०४ या सालासह लिहिलेली होती, ते बायबल आपण नष्ट केलं आणि कृती फक्त उतरवून ठेवली. ती कृती कुणी पाहिली नाही. २००९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी पाच वाद्यांवरच्या वार्निशाचे सूक्ष्म नमुने तपासले. हाती आलं ते तेल, पाइनची राळ आणि लालसर रंगद्रव्यं. त्या काळच्या कुठल्याही रंगाऱ्याकडे असणारा माल. अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ जोसेफ नागीव्हारी अनेक वर्षं सांगत आले की गुपित लाकडावरच्या रासायनिक प्रक्रियेत आहे, किडीपासून वाचवायला लावलेल्या टाकणखारासारख्या क्षारांत. २००३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी हवामानाकडे बोट दाखवलं. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते, युरोप थंड होता, त्यामुळे आल्प्समधल्या झाडांची वाढ मंद आणि लाकूड सारखं झालं. पण तेच लाकूड शेजारच्या कारागिरालाही मिळत होतं.

मग आणखी अवघड प्रश्न आला : आवाज खरंच इतका वेगळा आहे का? २०१० मध्ये इंडियानापोलिस इथे २१ वादकांना काळे चष्मे घालून, अंधारलेल्या खोलीत सहा व्हायोलिनं दिली, तीन जुनी इटालियन आणि तीन नवी. बहुतेकांनी घरी न्यायला नवंच निवडलं. पुढे पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांवर असाच प्रयोग झाला, तिथेही कल नव्याकडे. या प्रयोगांवर आक्षेप घेणारे वादक खूप आहेत. त्यांचं म्हणणं, असं वाद्य ओळखायला महिने लागतात, वीस मिनिटं नव्हेत. तेही खोटं म्हणता येत नाही. पण आजचे उत्तम कारागीर स्त्रादिवारीच्या बरोबरीला पोचले आहेत, एवढं यातून मान्य करावंच लागतं. आणि ते पोचले याचं एक कारण म्हणजे तीनशे वर्षं त्यांनी त्याचीच वाद्यं उघडून, मोजून, पुन्हा बंद करून अभ्यास केला.

इथे एक व्यवहारातली गोष्ट. आपल्याकडे व्हायोलिन चांगलंच रुजलं. गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग यांनी ते हिंदुस्तानी संगीतात मैफलीचं वाद्य केलं. कित्येक घरांत माळ्यावर आजोबांचं जुनं व्हायोलिन निघतं आणि आत 'आंतोनिउस स्त्रादिवारिउस' अशी चिठ्ठी दिसून घरात खळबळ उडते. जर्मनी आणि फ्रान्समधल्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकापासून लाखोंनी व्हायोलिनं काढली आणि त्यांच्यात अशी चिठ्ठी सर्रास चिकटवली, घाट कोणाचा ते सांगायला. चिठ्ठीवरून स्त्रादिवारी ठरत नाही. लाकडाची वर्षवलयं, काठाची रेघ, भोकांचा काप आणि वाद्याचा मालकांमधून झालेला प्रवास, हे सगळं जुळावं लागतं. तरी माळ्यावरचं व्हायोलिन वाजवून पाहायला हरकत नाही.

दार मिटलं, आणि पुन्हा उघडलं

बाप गेला तेव्हा फ्रांचेस्को ६६ वर्षांचा होता, ओमोबोनो ५८ चा. पाच वर्षांत ओमोबोनो गेला, त्याच्या पुढच्या वर्षी फ्रांचेस्को. शेजारच्या घराण्यातला अफलातून कारागीर ज्युसेप्पे ग्वार्नेरी १७४४ मध्ये वारला. कारागीर कार्लो बेर्गोंझी स्त्रादिवारीच्याच घरात भाड्याने राहायला आला आणि १७४७ मध्ये तोही गेला. दहा वर्षांत क्रेमोनाची पहिली फळी संपली. कापडवाला पाओलो उरला. त्याने १७७५ च्या सुमारास घरात राहिलेली दहा-एक वाद्यं, साचे, कागदी नमुने, हत्यारं कोझिओ दि सालाब्वे या विशीतल्या उमरावाला विकून टाकली. 'मसाया' त्यातच होतं, बापाने मरेपर्यंत न विकलेलं. घर पुढे पाडलं गेलं, चर्च १८६९ मध्ये पाडलं आणि कबरीतल्या अस्थी इतरांच्या अस्थींत मिसळून गेल्या.

आधीच्या पिढीकडे पाहिलं की यातला विरोधाभास लक्षात येतो. निकोलो आमातीचं घर साथीने रिकामं केलं, म्हणून त्याला परक्या पोरांना शिकवावं लागलं, आणि त्यातून ग्वार्नेरी झाले, बहुधा स्त्रादिवारीही झाला. स्त्रादिवारीचं घर भरलेलं होतं. त्याला हाताखाली माणसं हवी होती ती घरातच मिळाली, आणि तो स्वतः इतका जगला की मुलांना वारस व्हायची पाळी येईपर्यंत त्यांचंच वय सरलं. ज्या घरपणामुळे एवढं काम उभं राहिलं, त्याच घरपणाने विद्येला बाहेरची वाट ठेवली नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. कुटुंबवत्सल माणसाने कुटुंबासाठी जे करायचं ते सगळं त्याने केलं. फक्त धंद्याला कुटुंबापेक्षा मोठं गोत लागतं, ते त्याला कधी शोधावं लागलं नाही.

कोझिओच्या वारसांकडून ते साचे आणि हत्यारं १९२० मध्ये ज्युसेप्पे फियोरिनी या व्हायोलिनकाराने एक लाख लिरा मोजून घेतली. त्याला त्यांच्याभोवती शाळा उभी करायची होती. ते जमलं नाही, तेव्हा १९३० मध्ये त्याने सगळा संग्रह क्रेमोना शहराला देऊन टाकला. १९३८ मध्ये तिथे व्हायोलिन बनवण्याची शाळा निघाली. आज जपान, कोरिया, युरोप, अमेरिका अशा कुठूनकुठून पोरं तिथे येतात, शिकतात, काही तिथेच दुकान थाटतात. २०१२ मध्ये युनेस्कोने क्रेमोनाच्या या कारागिरीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं आणि पुढच्या वर्षी तिथे व्हायोलिनचं मोठं संग्रहालय उघडलं. २०१९ च्या जानेवारीत जुन्या वाद्यांचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करायचा होता, तेव्हा सभागृहाभोवतीचे रस्ते काही आठवडे बंद ठेवले आणि महापौरांनी गावकऱ्यांना आवाज न करण्याची विनंती केली. गावाने ती पाळली.

संग्रहालयात स्त्रादिवारीचे साचे काचेमागे आहेत, कडेला त्याच्या हाताची अक्षरं आणि खुणा. शाळेतली मुलं ते पाहून मापं घेतात, आणि त्यांच्यातलं एकही त्याच्या रक्ताचं नाही. अकरा लेकरांच्या बापाला असे वारस मिळाले ते दोनशे वर्षांनी, एका परक्या कारागिराने घरातलं सामान गावाच्या हवाली केल्यावर.